‘पंचमकाळ’ : शब्दाचा अर्थ आणि आपला व्यवहार

आपल्या समाजात ‘पंचमकाळ’ हा शब्द ऐकला नाही असे घर सापडणे कठीण. दिगंबर परंपरेत तो याच रूपात रूढ आहे, श्वेतांबर परंपरेत ‘पाचवा आरा’ असे म्हणतात. भावाभावांत वाटणी झाली, उधारी बुडाली, लग्नात वारेमाप खर्च झाला, चातुर्मासात व्याख्यानाला माणसे आली नाहीत, की घरातील कोणीतरी वडीलधारे सुस्कारा टाकून म्हणतात, “पंचमकाळ आहे, चालायचेच!” वाक्य पूर्ण होते आणि विषय संपतो.

वास्तविक हा शब्द विषय संपविण्यासाठी घडलेला नाही. तो कालगणनेतील एका निश्चित कालखंडाचे नाव आहे. त्याला आरंभ आहे, लांबी आहे, शेवट आहे. त्या काळात काय मिळणार नाही आणि काय मिळत राहील, याचाही तपशील आपल्या पूर्वाचार्यांनी दिलेला आहे. तो तपशील पाहिल्यावर हा शब्द आपण ज्या कामासाठी वापरतो त्या कामाचा तो आहे काय, हे ठरविता येईल.

शब्दाची घडण

‘आरा’ हा शब्द मराठी माणसाला शिकविण्याची गरज नाही. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून पाटीपर्यंत जाणारे जे लाकडी दांडे असतात ते आरे. संस्कृतातील ‘अर’ म्हणजे तेच. जैन दर्शनाने काळाला चाकाची उपमा दिली आणि त्या चाकाला बारा आरे कल्पिले. सहा उतरतीचे, सहा चढतीचे. उतरत्या अर्धचक्राला अवसर्पिणी म्हणतात आणि चढत्या अर्धचक्राला उत्सर्पिणी. या दोन्ही शब्दांत ‘सृप्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ सरकणे, सरपटणे. काळ कड्यावरून कोसळत नाही, तो हळूहळू खाली सरकतो. हा बारकावा पुढे उपयोगी पडणार आहे.

उतरत्या सहा आऱ्यांची नावे अशी : सुषमा-सुषमा, सुषमा, सुषमा-दुषमा, दुषमा-सुषमा, दुषमा आणि दुषमा-दुषमा. यांतील ‘समा’ म्हणजे वर्ष किंवा काळाचा विभाग. ‘सु’ लागला की चांगला काळ, ‘दु’ लागला की वाईट काळ. आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात हीच फोड दिली आहे. सुषमा हे नाव आपण हौसेने मुलींना ठेवतो. दुषमा हे नाव मात्र कोणी ठेवीत नाही. पण ज्या काळात आपण सर्व जन्मलो, त्या पाचव्या आऱ्याचे शास्त्रीय नाव तेच आहे.

हिशेब काय सांगतो?

पहिला आरा चार कोटाकोटी सागरोपमांचा, दुसरा तीन, तिसरा दोन आणि चौथा एक कोटाकोटी सागरोपमातून ४२,००० वर्षे वजा जाता उरेल तेवढा. ही वजा केलेली ४२,००० वर्षे पाचव्या आणि सहाव्या आऱ्यांत निम्मी निम्मी वाटली आहेत. म्हणजे पाचवा २१,००० वर्षांचा आणि सहावाही २१,००० वर्षांचा. सगळी बेरीज दहा कोटाकोटी सागरोपम. कोटाकोटी म्हणजे कोटी गुणिले कोटी, आणि सागरोपम तर वर्षांच्या आकड्यात मांडताच येत नाही, म्हणूनच त्याला उपमेने सांगितले आहे. पहिले चार आरे असे अगणित आहेत. पाचवा मात्र वर्षांत मोजता येतो.

त्याचा आरंभही निश्चित आहे. भगवान महावीरांचे निर्वाण पावापुरी येथे वयाच्या ७२ व्या वर्षी झाले. त्या अमावस्येला आपण दिवाळी साजरी करतो. परंपरेने हे वर्ष इ. स. पूर्व ५२७ मानले आहे. निर्वाणानंतर तीन वर्षे साडेआठ महिने गेले आणि पाचवा आरा लागला. जुन्या ग्रंथांच्या भाषेत सांगायचे तर ८९ पक्ष. गणित जुळते, कारण ४४ महिने १५ दिवसांचे पक्ष बरोबर ८९ होतात. भगवान ऋषभदेवांच्या निर्वाणानंतरही एवढाच अवधी जाऊन तिसरा आरा संपला होता, असे परंपरा सांगते.

गेल्या दिवाळीला वीर निर्वाण संवत २५५२ सुरू झाले. दिवाळीनंतर विक्रम संवताच्या आकड्यात ४७० मिळविले किंवा शकाच्या आकड्यात ६०५ मिळविले की हा आकडा येतो. वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही संवत लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतेच. त्यावरून पाहता पंचमकाळाची सुमारे २,५४८ वर्षे सरली आणि सुमारे १८,४५० वर्षे उरली. शंभरातील अवघे बारा भाग खर्च झाले आहेत. एवढ्या लांबीच्या कालखंडाच्या माथी आपण काल-परवाची खोटी पावती मारतो, तेव्हा हिशेबच चुकतो. अवसर्पिणी सरकत जाणारी आहे. तिच्या उतारामुळे आजोबांच्या पिढीचा सचोटीचा तराजू नातवाच्या पिढीत बिघडला, असे म्हणायला गणितात जागा नाही. साठ-सत्तर वर्षे म्हणजे २१,००० वर्षांचा तीनशेवा भाग!

कलियुग आणि पंचमकाळ

बोलताना आपण ‘कलियुग’ आणि ‘पंचमकाळ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शेजारपाजारच्या बोलीचा तो परिणाम आहे आणि त्यात गैर काही नाही. पण अर्थाच्या दृष्टीने दोन्ही शब्द वेगळे आहेत. वैदिक परंपरेतील कलियुग ४,३२,००० वर्षांचे, आणि त्याचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ असा मानतात. त्या गणनेप्रमाणे भगवान महावीरांचा जन्मही कलियुगातच होतो. जैन गणनेप्रमाणे मात्र भगवान चौथ्या आऱ्यात झाले आणि पाचवा त्यांच्या निर्वाणानंतर आला. म्हणजे हे दोन शब्द समानार्थी धरले तर तीर्थंकरांचा काळच बदलतो.

आणखी एक फरक आहे. जैन कालचक्र कोणी फिरवीत नाही. पाचवा आरा ही कोणाची शिक्षा नाही किंवा कोणाचा कोपही नाही. आणि हा काळ सर्वत्र नाही. आऱ्यांचा फेरा भरत आणि ऐरावत या क्षेत्रांत आहे. महाविदेह क्षेत्रात चौथ्या आऱ्यासारखी स्थिती सदैव असते आणि तेथे आजही सीमंधर स्वामी विहरमान आहेत, अशी आपली श्रद्धा आहे. पंचमकाळ म्हणजे सगळ्या विश्वाचा अंधार, असा अर्थ शास्त्राला अभिप्रेत नाही.

काय गेले आणि काय राहिले?

पाचव्या आऱ्यात काही गोष्टी मिळत नाहीत हे खरे. शरीराचे संहनन दुबळे झाले आणि आयुष्य घटले. ते घटत घटत या आऱ्याच्या शेवटी वीस वर्षांवर येईल असे वर्णन आहे. या आऱ्यात जन्मलेल्याला या क्षेत्रातून याच भवात मोक्ष नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरा बदलला त्या दिवशी दार धाडकन बंद झाले नाही. गौतमस्वामींना दिवाळीच्या पहाटे केवलज्ञान झाले आणि त्यांचे निर्वाण भगवंतांच्या निर्वाणानंतर बारा वर्षांनी झाले. म्हणजे ते पाचव्या आऱ्यात मोक्षाला गेले. त्यांच्यामागून सुधर्मास्वामी गेले आणि त्यांच्यामागून जंबूस्वामी. तिघेही चौथ्या आऱ्यात जन्मलेले आणि पाचव्यात सिद्ध झालेले.

जंबूस्वामींबरोबर काय काय विच्छेद पावले, याची दहा गोष्टींची यादी जिनभद्रगणी क्षमाश्रमणांच्या विशेषावश्यकभाष्यात आहे : मनःपर्यवज्ञान, परमावधिज्ञान, पुलाकलब्धी, आहारक शरीर, क्षपकश्रेणी, उपशमश्रेणी, जिनकल्प, वरच्या पायरीची तीन चारित्रे, केवलज्ञान आणि सिद्धी. ही यादी सावकाश पुन्हा वाचावी. त्यात खरे बोलणे गेले असे लिहिलेले नाही. त्यात खरे माप गेले असेही नाही. दया, दान, सामायिक, बारा व्रते यांपैकी एकही नाव त्यात नाही. दुकानात बसणाऱ्या श्रावकाला रोज ज्याची गरज पडते, असे त्या यादीत काहीच नाही. जे गेले ते फार उंचावरचे होते. जे आपल्या हाताशी होते ते सर्व शिल्लक आहे.

दिगंबर परंपरेतही हाच निर्णय आहे. आचार्य कुंदकुंदांच्या काळातसुद्धा ‘हा ध्यानाचा काळ नव्हे’ असे म्हणणारे लोक होते. मोक्षपाहुडात आचार्यांनी त्यांना स्पष्ट उत्तर दिले आहे. भरतक्षेत्रात दुषमा काळातही साधूला धर्मध्यान होते आणि जो हे मानीत नाही तो अज्ञानी आहे, असा त्याचा आशय आहे. पुढे ते सांगतात की आजही रत्नत्रयाने शुद्ध झालेले जीव उत्तम देवगतीला जाऊन तेथून च्युत झाल्यावर निर्वाण मिळवितात. तेव्हा काळाची सबब नवी नाही, आणि तिचे उत्तरही जुनेच आहे.

सात लक्षणे

स्थानांग सूत्रात दुषमा काळ गाढ झाला हे ओळखण्याची सात लक्षणे दिली आहेत. अवेळी पाऊस पडतो. वेळेवर पडत नाही. असाधूंची पूजा होते. साधूंची होत नाही. गुरुजनांविषयी लोकांची वृत्ती विपरीत होते. मनाला दुःख होते. वाणीने दुःख होते. याच्या उलट सात लक्षणे सुषमा काळाची सांगितली आहेत.

यांतील पहिली दोन आकाशाची आहेत, ती आपल्या हाती नाहीत. उरलेली पाच माणसांच्या वागण्याशी जोडलेली आहेत. कोणाला मान द्यायचा, वडीलधाऱ्यांशी कसे वागायचे, बोलून कोणाचे मन दुखवायचे की सांभाळायचे, हे प्रत्येक घर स्वतः ठरविते. ज्या घरात सुनेला टोचून बोलत नाहीत, जेथे नोकराचा पगार ठरल्या तारखेला होतो, जेथे देणगीच्या आकड्यावरून माणसाचा मान ठरत नाही, त्या घरापुरती या लक्षणांची तीव्रता कमी झाली असे म्हणायला हरकत नसावी. आरा बदलत नाही, पण आऱ्याचा गाढपणा आपण घरात किती येऊ द्यायचा हे काही अंशी आपल्या हाती राहते.

नियम कोणासाठी लिहिले?

आणखी एक मुद्दा व्यापारी माणसाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आज आपल्यापाशी जे शास्त्र लिखित रूपात आहे ते सर्व पंचमकाळातच लिपिबद्ध झालेले आहे. देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले ते वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिहिले गेले, तेही याच काळात. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र तर दोन्ही परंपरांना मान्य. तेसुद्धा पाचव्या आऱ्यातील माणसाने पाचव्या आऱ्यातील माणसांसाठी लिहिले.

त्याच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार दिले आहेत. अचौर्याचे पाच असे : चोराला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, मापे-वजने कमीजास्त ठेवणे आणि चांगल्यात हलका माल मिसळून खपविणे. सत्यव्रताच्या अतिचारांत खोटा दस्तऐवज करणे आणि दुसऱ्याची ठेव दाबणे ही दोन आहेत. शास्त्रीय शब्द आहेत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार. एम. कॉम. करून आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माझ्यासारख्याला ही यादी वाचताना लेखापरीक्षणाचे टिपण वाचल्यासारखे वाटते. कच्चे बिल, दोन वह्या, काट्याखालचा लोहचुंबक, भेसळ, मित्राने विश्वासाने ठेवलेली रक्कम, सगळे त्यात येऊन गेले आहे. पंचमकाळात हे पाळणे अशक्य असते तर पंचमकाळातील आचार्यांनी ते लिहिले कशाला असते?

मालतारण कर्जाच्या तपासणीसाठी मी अनेक वर्षे गोदामे पाहिली. एका व्यापाऱ्याच्या गोदामात स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखविलेल्यापेक्षा माल बराच कमी निघाला. ते हसून म्हणाले, “साहेब, पंचमकाळ आहे. शंभर टक्के खरे कोण लिहितो?” त्याच बाजारात दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात पावसाचे पाणी शिरून डाळीची पोती भिजली. ते दुसऱ्याच दिवशी स्वतः बँकेत आले आणि मालाचा आकडा कमी करून गेले. त्यामुळे त्यांची उचल मर्यादा घटली आणि ऐन हंगामात त्यांना ओढाताण सोसावी लागली. काळ एकच, बाजार एकच, समाजही एकच. मग दोघांच्या वागण्यातील फरक काळाच्या खात्यावर कसा टाकणार?

याच काळातील माणसे

पंचमकाळाने काय दिले हेही पाहिले पाहिजे. श्रवणबेळगोळ येथे चामुंडरायाने गोम्मटेश्वराची मूर्ती घडविली ती याच काळात. अबूवर विमलशहाने १०३१ मध्ये आणि वस्तुपाल-तेजपालांनी १२३० मध्ये मंदिरे उभारली तीही याच काळात. कच्छमधील भद्रेश्वरचे व्यापारी जगडूशा यांनी तेराव्या शतकातील भीषण दुष्काळात आपली धान्याची कोठारे खुली केली. त्या कोठारांत ‘हे धान्य गरिबांसाठी आहे’ अशा आशयाचे ताम्रपट ठेवलेले होते, असे त्यांच्या चरित्रात वर्णन आहे. दुष्काळात धान्याचा भाव काय होतो हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तो भाव सोडून देणारा माणूस पाचव्या आऱ्यातलाच होता.

आपल्या भागाकडे पाहावे तर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज यांचा जन्म १८७२ चा. त्या काळी निर्ग्रंथ मुनिचर्या अत्यंत विरळ झाली होती आणि पंचमकाळात ती निभणार नाही अशी अनेकांची समजूत होती. महाराजांनी ती आचरून दाखविली आणि १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. नगर जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० मध्ये जन्मलेले आनंदऋषीजी महाराज बालवयात दीक्षित झाले आणि पुढे श्रमण संघाचे आचार्य झाले. गृहस्थांत पाहायचे तर कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळेची दारे उघडली. यांच्यापैकी कोणी काळ बदलण्याची वाट पाहिली नाही.

शब्दाचा योग्य उपयोग

मग हा शब्द बोलूच नये काय? तसे नाही. त्याचा एक योग्य उपयोग आहे आणि तो नम्रतेचा आहे. ‘माझे शरीरबळ थोडे आहे, मासखमण मला झेपत नाही, म्हणून मी एकाशन करतो’ असे म्हणताना पंचमकाळाची आठवण काढणे योग्यच. तेथे हा शब्द शक्तीची मर्यादा सांगतो आणि तरीही काहीतरी करायला लावतो. दुसऱ्याला दोष देताना किंवा स्वतःला सूट देताना तो वापरला की अर्थ उलटा होतो. स्वतःपुरती एक साधी कसोटी ठेवता येते : ‘पंचमकाळ आहे’ असे म्हटल्यानंतर वाक्य ‘म्हणून’ या शब्दाने पुढे न्यावे. ‘म्हणून थोडे का होईना, करतो’ असे आले तर उपयोग बरोबर. ‘म्हणून चालायचेच’ असे आले तर तो शब्द मागे घ्यावा.

मुलांसमोर तर हे अधिकच जपावे लागते. दुकानात नव्याने बसू लागलेला मुलगा वडिलांच्या तोंडून रोज ‘चालायचेच’ ऐकतो, तेव्हा तो धर्मातील एक शब्द शिकतो आणि त्याबरोबर धर्म मोडण्याची परवानगीही शिकतो. उद्या तोच शब्द तो वडिलांच्याच हिशेबाला लावील, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

या आऱ्याच्या अखेरीचे वर्णन दोन्ही परंपरांत आहे. नावे वेगवेगळी आहेत, चित्र एकच आहे. शेवटच्या दिवसापर्यंत चतुर्विध संघ टिकणार आहे. एक साधू, एक साध्वी, एक श्रावक आणि एक श्राविका. दिगंबर ग्रंथांत सांगितले आहे की त्या वेळचा राजा वीरांगज मुनींच्या हातातील पहिला घास कर म्हणून मागेल. मुनी तो देतील, आहार सोडतील आणि चौघेही समाधिमरण स्वीकारतील. घास देतील, पण व्रत देणार नाहीत. काळ सर्वांत वाईट असतानाही तेथे एक श्रावक आणि एक श्राविका उभे आहेत.

त्या दिवसाला अजून साडेअठरा हजार वर्षे आहेत. तोपर्यंत पिढ्यान् पिढ्या श्रावक व्हावे लागणार आहेत, आणि त्यांतली एक पिढी आपली आहे. येत्या दिवाळीला वहीपूजन करताना गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागितल्यावर वीर निर्वाण संवत २५५३ हा आकडा लिहिला जाईल. तो लिहिताना क्षणभर थांबावे. पंचमकाळाचे आणखी एक वर्ष सुरू होत असेल आणि त्या वर्षाची वही कोरी असेल. तीत पहिली नोंद खरी करणे आपल्याच हाती आहे.